चुलत चुलत्यांनी वडिलांना कोयता उगारून धमकी दिली, पोलिसांनी नुसती एनसी घेतली, आता पुढे काय करायचं?

बांधावरचा
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होईल पण वाचा आणि सांगा. गाव सातारा जिल्ह्यात, आईवडील दोघंच गावी, वडील ६८ वर्षांचे, मी नोकरीला पुण्यात. भावकीत सामाईक विहीर आहे, पाण्याच्या पाळ्या आजोबांपासून ठरलेल्या, सातबाऱ्यावर पण विहिरीची नोंद आहे. गेल्या आठवड्यात आमची पाळी होती, थ्री फेजची लाईट रात्री साडेदहाला येणार म्हणून वडील धारा लवकर काढत होते तेवढ्यात चुलत चुलते आले, कोयता उगारला आणि म्हणाले "परत विहिरीवर दिसलास तर तिथंच तोडून आत टाकीन, कुणाला पत्ता लागायचा नाही". आई दारात होती, तिने सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनला गेलो. अंमलदारांनी ऐकून घेतलं आणि एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) दिली, कलम ३५२ (मुद्दाम अपमान) आणि ३५१(२) (धमकी). कागदावर एवढंच की "शेतीच्या पाण्याच्या कारणावरून शिवीगाळ व दमदाटी केली, फिर्यादीस कोर्टात दाद मागण्याची समज दिली". वडील त्या रात्री पाणी द्यायला गेलेच नाहीत, बॅटरी उशाला घेऊन उजाडेपर्यंत बसून होते, आणि तिकडे ऊस वाळतोय. एनसी म्हणजे विषय संपला का? आणि अजून एक, मी पण रागात चुलत भावाला व्हॉइस मेसेज टाकलाय की बापाला हात लावून बघ, घरात घुसून मारीन. त्याचं काही होईल का?

कोर्टाची_पायरी
दादा, विषय संपलेला नाही. तालुका कोर्टात वकिली करतो, अशी कागदं रोज बघतो म्हणून सांगतो.

जुन्या आयपीसीचं ५०६ आता भारतीय न्याय संहितेत ३५१ झालंय, १ जुलै २०२४ पासून. साधी धमकी असेल तर ३५१(२), दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जिवे मारायची किंवा गंभीर दुखापतीची असेल तर ३५१(३), त्यात सात वर्षांपर्यंत जातं. "तोडून आत टाकीन" हे सरळ सरळ तिसरं पोटकलम आहे, पण तुमच्या एनसीत ते शब्दच नाहीत, "दमदाटी" एवढाच शब्द आहे. इथंच निम्म्या केसेस पडतात. पुरवणी जबाब द्या, तुमच्या गावच्या बोलीत जसं बोलले तसंच्या तसं लिहा, शुद्ध मराठी करू नका. कोयता शेतकऱ्याच्या हातात असतोच, त्यामुळे "हातात कोयता होता" एवढ्याने भागत नाही, उगारला, किती अंतरावर होते, आई कुठे उभी होती, हे लिहा.

आता महत्त्वाचं. कायद्यात नुसतं बोलणं म्हणजे गुन्हा नाही, समोरच्याला घाबरवायचा किंवा त्याला हक्काची गोष्ट करू द्यायची नाही असा हेतू पाहिजे. बेंगळुरूच्या एका प्रकरणात ट्रॅफिक पोलिसांच्या फेसबुक पेजवर रागात कमेंट केली म्हणून ५०६ लावलं होतं, २०१५ साली सुप्रीम कोर्टाने रद्द केलं, का तर त्यात घाबरवायचा हेतू दिसत नव्हता. तुमच्याकडे उलट आहे. "विहिरीवर दिसलास तर" म्हणजे पाळीचं पाणी सोडून दे, नाहीतर मारीन. आणि वडिलांनी पाणी सोडलं पण. ती रात्र, बॅटरी घेऊन जागणं, मोटर सुरू न करणं, हे जबाबात आलंच पाहिजे, लोकांना वाटतं ही घरगुती गोष्ट आहे आणि नेमकी तीच गाळतात.

एक विचारतो, चुलते उभे कुठे होते, रस्त्यावर की तुमच्या गोठ्यात?

बांधावरचा
गोठ्यात आत आले होते साहेब, गोठा आमच्या घराला लागूनच आहे.

कोर्टाची_पायरी
मग हे आधी सांगायचं ना! धमकीचं कलम केंद्राच्या परिशिष्टात अदखलपात्र आहे, म्हणून पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. पण धमकवायला कुणाच्या जागेत घुसणं हे कलम ३२९, ते दखलपात्र. आणि बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) कलम १७४(४) असं सांगतं की प्रकरणात एक जरी दखलपात्र गुन्हा असला तरी अख्खं प्रकरण दखलपात्र धरायचं. लेखी अर्ज करा, पोच घ्या. नाही ऐकलं तर एसपी साहेबांना पोस्टाने अर्ज, तिथंही नाही झालं तर १७५(३) खाली कोर्टात. एनसीवरच राहिलं तरी १७४(२) खाली तपासाचा आदेश मागता येतो.

माणदेशी_ताई
वकील साहेबांनी कोर्टाचं सांगितलं, मी चॅप्टर केसचं सांगते कारण आमच्या आत्याच्या घरी तेच कामाला आलं. बांधावरून दीर रोज धमकी द्यायचा, आम्ही तीन एनसी केल्या, प्रत्येक वेळी वाटायचं कागद वाया गेला. पण त्याच तीन एनसी बघून पोलिसांनी तहसीलदारांकडे प्रस्ताव पाठवला (आधी सीआरपीसीचं कलम १०७ होतं, आता बीएनएसएसचं १२६) आणि त्याच्याकडून वर्षभर शांतता ठेवायचं बंधपत्र लिहून घेतलं. तारखेला तहसीलला पंख्याखाली सगळ्यांसमोर उभं राहून सही करावी लागली, त्यानंतर आत्याच्या दारावरून जाताना तो मान खाली घालून जायचा. एनसी जपून ठेवा, फाडू नका.

फोनवर काही आलं असेल तर मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. स्क्रीनशॉट कितीही काढा, कोर्टात साक्ष्य अधिनियम कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

कोर्टाची_पायरी
ताईंचं बरोबर आहे. आणि दादा तुमच्या व्हॉइस मेसेजचं. "घरात घुसून मारीन" ही पण धमकीच आहे, चुलत भाऊ उद्या उलटी एनसी देऊ शकतो आणि दोन्हीकडून एनसी झाली की ठाण्यात "आपसातला वाद" म्हणून बाजूला पडतं. आता डिलीट करून उपयोग नाही, त्याच्या फोनमध्ये आहेच. यापुढे त्याला एक अक्षर पाठवू नका, आणि तुमच्या वकिलाला आधीच सांगून टाका, लपवू नका. वडिलांवर बेतलं की पोराच्या तोंडून असं जातं, मला कळतं, पण किंमत त्यांनाच पडेल.

बांधावरचा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल गावी जाऊन आलो. वडील आधी म्हणत होते तसले शब्द पोलिसांपुढे कसे बोलायचे, शेवटी आईनेच सांगितले, शब्दाला शब्द, आणि अंमलदारांनी तसेच लिहून घेतले. गोठ्यात आल्याचं पण आलं. ३२९ लावायचा वेगळा अर्ज दिलाय, पोच मिळाली. गुरुवारी परत आमची पाळी आहे, रात्रीचीच लाईट आहे, मी रजा टाकलीय, वडिलांबरोबर विहिरीवर मी जाणार आहे. ११२ नंबर आईच्या फोनवर पहिल्या बटणाला लावून दिलाय.