बुलेटप्रूफ सूट आला आणि 'जॉन विक'मधला सूड संपला

धागाकर्ता :
(पुढे चारही भागांचा रहस्यभेद आहे.)
'जॉन विक' या हॉलिवूड चित्रपटमालिकेचे चारही भाग सलग पाहून मत पक्कं झालं. नायक जॉन हा निवृत्त मारेकरी. सूडाची गोष्ट २०१४च्या पहिल्या भागातच आहे, पुढे उरते ती नुसती नजाकत. त्याची बायको हेलन आजाराने जाते, तिने जाण्याआधी ठरवून ठेवलेलं कुत्र्याचं पिल्लू दारात येतं. विगो या गुंडाचा पोरगा ते मारतो, गाडीही पळवतो. पुढे विगोच्या तावडीत सापडलेला जॉन ओरडून सांगतो की त्या पिल्लामुळे त्याला एकट्याने शोक करावा लागला नसता. नंतरच्या प्रत्येक गोळीमागे ते वाक्य उभं आहे. शिवाय त्याला लागतं, टाके घालून घ्यावे लागतात. २०१७च्या दुसऱ्या भागात शिंपी त्याच्या सुटाला गोळी अडवणारं अस्तर लावतो आणि आपला जीव टांगणीला लागायचा थांबतो. चौथ्या भागात तर कोट चेहऱ्यापुढे धरला की झालं! १६९ मिनिटं मी काळजी कोणाची करायची?

प्रतिसाद १ :
साफ असहमत. दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की 'द मेट्रिक्स'मध्ये जॉन साकारणाऱ्या कियानू रीव्ह्जचा स्टंट डबल (धोक्याच्या दृश्यांत नटाच्या जागी उभा राहणारा) होता, हे त्याच्या प्रत्येक फ्रेममध्ये दिसतं. कॅमेरा मागे उभा राहतो, माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो, फटाफट कट मारून काही झाकलेलं नाही. जॉनच्या गोळ्या संपतात, मॅगझिन बदलताना समोरच्याला तो गुडघ्याखाली दाबून धरतो, मग गोळी घालतो. माणूस कसा आहे ते संवादाशिवाय कळतं. चौथ्या भागात छत काढून टाकल्यासारखा वरून घेतलेला तो लांबलचक शॉट आठवा. नजाकत हीच इथे गोष्ट आहे. तिला 'नुसती' म्हणू नका.

प्रतिसाद २ :
कथा हवी असेल तर सूडपट कमी आहेत का? हा हाणामारीसाठीच पाहावा.

धागाकर्ता :
@प्रतिसाद १, कसब मान्यच आहे. पण तो मारतो कशासाठी? दुसऱ्या भागापासून नुसते मारेकऱ्यांच्या जगातले करार, त्यांची परिषद, तिचे नियम, जॉनच्या डोक्यावरचं इनाम. हेलन कुठे आहे?

प्रतिसाद ३ :
हेलन तिसऱ्या भागात आहे! वाळवंटात त्याला विचारतात, जगायचंय कशाला? तो म्हणतो, बायकोची आठवण ठेवायला. आणि त्या जगण्याची किंमत म्हणून स्वतःचं अंगठीचं बोट कापून लग्नाची अंगठीच देऊन टाकतो. माझ्या मते मालिकेतला सगळ्यात क्रूर क्षण हा, आणि त्यात एकही गोळी सुटत नाही. सुटाचं म्हणाल तर चौथ्या भागात पॅरिसमधल्या २२२ पायऱ्यांवरून गडगडत खाली येताना अस्तर काय कामाचं? वर पोचत आलेला माणूस पुन्हा तळाशी. मी तेव्हा खुर्चीच्या कडेला होतो.

धागाकर्ता :
अंगठीचा प्रसंग माझ्या मांडणीत बसत नाही, खरंय. त्यावर उत्तर नाही माझ्याकडे. पण पायऱ्यांचं ऐका. त्याला परत वर न्यायला मदत कोण करतो? आंधळा केन. मुलीचा जीव वाचावा म्हणून मित्रावर, म्हणजे जॉनवरच, बंदूक रोखायला निघालेला बाप. त्या चढणीवर माझा श्वास अडकला तो केनसाठी. पहिल्या भागात जॉनजवळ जे होतं, ते चौथ्यात केन साकारणाऱ्या डॉनी येनच्या वाट्याला गेलंय.

प्रतिसाद १ :
आणि थडग्यावर 'प्रेमळ पती' लिहा म्हणणारा कोण?