दिवा कुठे बसवला, एवढ्यावर पेटंट?

फोंडा: ‘भिंगाभोवती एलईडीचे कडे बसवणे कोणत्याही वायरमनला सुचेल,’ असे म्हणून दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचे पेटंट निकालात काढणारी एका वाचकाची नोंद वाचून राहवले नाही. अडचण उजेडाची नाही, कॉर्नियावरून, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरून, उलटणाऱ्या चकाकीची आहे. औषध घालून न विस्फारलेल्या लहान बाहुलीच्या कडेने प्रकाश आत सोडायचा आणि प्रतिमा मधूनच बाहेर काढायची, हे वायरमनचे काम नव्हे. एकदा दाखवल्यावर सगळेच उघड वाटते. पेटंट द्यायचे की नाही हे ठरवताना कायदा मात्र त्या वेळच्या जाणकाराला ते उघड दिसले असते का, हे विचारतो.

म्हापसा: जाणकारालाच विचारू. डोळ्याच्या आत पाहण्याचे हेल्महोल्ट्झचे उपकरण, नेत्रदर्शक, १८५१ चे. प्रकाशाची आणि प्रतिमेची वाट वेगळी ठेवण्याचे तत्त्व स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ गुलस्ट्रांड यांचे, ज्यांना १९११ मध्ये नोबेल मिळाले. बल्ब काढून एलईडी घातला की वीस वर्षांची मक्तेदारी? ज्ञात घटकांच्या जुळणीतून अपेक्षित तेवढेच निघाले, तर ती बहुधा उघडच असते, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये केएसआर या पेटंटच्या खटल्यात म्हटले आहे.

वाळपई: आमच्याकडच्या शिबिरात मधुमेही आईच्या डोळ्याचा फोटो काढला, त्यात पांढऱ्या डागाखेरीज काही दिसेना. शेवटी मजुरी बुडवून तिला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यावे लागले. चांगली यंत्रे मक्तेदारीने महाग होतात आणि आमच्या सत्तरी तालुक्याच्या वाट्याला अशी टाकाऊ येतात, यावर कोणी बोलत नाही.

मडगाव: मी नेत्रतज्ज्ञ आहे. बाहुली आकसलेली असेल, मोतीबिंदू असेल किंवा कॅमेरा जरासा सरकला, तरी महागड्या यंत्रातही असाच फोटो येतो. प्रत्येक दुखण्याचे खापर पेटंटवर फोडू नका.

वाळपई: दोष आईच्या बाहुलीचा, असे म्हणा की सरळ! शिबिरात ज्याला फोटो काढायला बसवले होते, त्याला शिकवले कोणी होते का, हेही विचारा.

फोंडा: वाळपईकरांचा संताप माझ्याच बाजूचा पुरावा आहे. शंभर वर्षांपूर्वीचे तत्त्व हाताशी असूनही चकाकी जात नसेल, तर तिच्यावरचा उपाय उघड कसा?

म्हापसा: उपाय नेमका लिहिला असेल, तर मिळो बापडे पेटंट. पण पेटंटातला पहिला दावाच, म्हणजे हक्क कशावर हवा ते सांगणारे कलमच, ‘भिंगाभोवती प्रकाशस्रोत’ इतके मोघम असेल, तर गुलस्ट्रांडच्या वारसांनाही शुल्क भरावे लागेल.

फोंडा: मोघम दावा पडावा, हे नाइलाजाने मान्य. कोन आणि अंतर सांगणारा अरुंद दावा मात्र टिकावा. हरकत असेल, तर मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून वर्षाच्या आत भारतीय पेटंट कायद्याच्या कलम २५(२) खाली विरोध दाखल करा.

वाळपई: त्या कलमाला हितसंबंधित व्यक्ती लागते. फोटो बिघडलेली रुग्ण त्यात बसते का, तेवढे सांगा.