मदत हवी आहे: परदेशी विद्यापीठाबरोबरच्या प्रकल्पात आपली मुलं नुसती वाचक राहू नयेत म्हणून काय करावं?

नमस्कार मंडळी,

मी गोव्यात एका कॉलेजात इतिहास शिकवते. पोर्तुगालमधल्या एका विद्यापीठाबरोबर आमचा संयुक्त प्रकल्प सुरू आहे. विषय आहे अठराव्या शतकातला पोर्तुगीज आणि सावंतवाडीकर भोसले यांचा पत्रव्यवहार. आमच्याकडची मुलं पेडणे, डिचोली, सत्तरीची. घरी कोंकणी, शाळा मराठीतून, पदवी इंग्रजीतून. मोडी मात्र त्यांनी जीव ओतून शिकून घेतली.

अडचण बैठकांत येते. सगळं इंग्रजीत चालतं आणि मुलं गप्प बसतात. परवाचंच बघा. एका पत्रावर 'इहिदे समानीन मया व अलफ' असा अरबी शब्दांतला सन होता. मुलीने एक, ऐंशी, शंभर, हजार अशी बेरीज करून सुहूर (मराठी दप्तरांतली जुनी कालगणना) ११८१ काढला. सुहूर वर्ष मृगापासून बदलतं, म्हणून इसवी सन काढायला महिना पाहून ५९९ मिळवायचे की ६०० हे ठरवलं आणि पत्र १७८१ च्या सुरुवातीचं ठरलं. आधीच्या यादीत ते वर्षभर मागे होतं! याला संशोधनच म्हणायचं ना? पण इंग्रजीत मांडताना ती अडखळली आणि इतिवृत्तात तिच्या नावापुढे 'भाषांतर साहाय्य' एवढंच आलं. मला हे फार लागलं.

लेखातलं कोणाचं काम काय हे सांगायला 'क्रेडिट' नावाची १४ भूमिकांची यादी वापरतात. तिच्यात लिप्यंतर किंवा भाषांतर अशी वेगळी भूमिकाच नाही. मग मोडी वाचणाऱ्याचं नाव आभारात जातं.

गोव्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पणजीच्या दप्तरखान्यात मराठी आणि पोर्तुगीज कागद एकमेकांशी ताडूनच काम केलं. ही पद्धत आपल्या मातीतली आहे, ती मुलांना बाहेरून शिकावी लागू नये. माझं मत असं की मुलांनी प्रश्न, टिपणं, पहिला खर्डा मराठीतच करावा आणि इंग्रजी नंतर यावं. सहकारी म्हणतात, वेळ जातो.

असं कोणी केलंय का? करारात सहलेखनाचं कलम कोणत्या शब्दांत घातलंत? आणि फक्त कागद वाचण्यापुरतं पोर्तुगीज कसं शिकवता?

(बैठकीची वेळही सुचवा. लिस्बनला दुपारचे दोन म्हणजे हिवाळ्यात इथे साडेसात. घरी रेंज नाही म्हणून मुलं कॉलेजात थांबतात, मग वाळपईकडे जायला बस नसते.)

प्रतिसाद १:
ताई, बैठक त्यांच्या सकाळी दहाला घ्या, आपल्याकडे साडेतीन होतात. बैठकीच्या दोन दिवस आधी प्रत्येकाकडून पानभर मराठी टिपण आणि खाली पाच ओळी इंग्रजी सारांश मागवा. बैठकीत त्यावरच बोलायचं. कलम आम्ही असं घातलं होतं: 'कालनिर्णय, पाठनिश्चिती किंवा कागदाची ओळख पटवणारी व्यक्ती सहलेखक मानली जाईल.' सही होण्याआधीच घाला, नंतर कोणी ऐकत नाही.

धागाकर्ती:
मनापासून आभार. आमची सही झालेली आहे, पण पुरवणी करार करता येतो का ते उद्याच विचारते. पोर्तुगीजबद्दलही कोणीतरी सांगा ना.