मदत हवी आहे: आयएल-२ एकच, मग टी-रेग आणि सीडी८ पेशींत परिणाम उलटे का?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी आयएल-२ (इंटरल्यूकिन-२, प्रतिकारशक्तीच्या पेशींमधला निरोप्या रेणू) वर काम करतेय आणि एका ठिकाणी गाडं अडलंय. जाणकारांनी मदत करावी. मला जे कळलंय ते आधी मांडते, म्हणजे नेमकं कुठे अडलंय ते दिसेल.

आयएल-२ चा रिसेप्टर (पेशीवर त्याला पकडणारं प्रथिन) तीन साखळ्यांचा: अल्फा म्हणजे सीडी२५, बीटा म्हणजे सीडी१२२ आणि गॅमा म्हणजे सीडी१३२. नुसती अल्फा आयएल-२ ला सैलच धरते, आणि पेशीच्या आतला तिचा भाग इतका आखूड की संदेश पुढे जातच नाही. बीटा-गॅमा जोडीने संदेश जातो, पण त्यासाठी आयएल-२ साधारण १ नॅनोमोलर लागतं. तिन्ही एकत्र आल्या की १० पिकोमोलरच्या आसपास भागतं, म्हणजे शंभरपट कमी. टी-रेगवर (प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी पेशी) सीडी२५ कायम भरपूर असतो. शांत असलेल्या सीडी८ मेमरी पेशी (जुना शत्रू लक्षात ठेवणाऱ्या मारक टी पेशी) आणि बहुतेक एनके पेशी (नैसर्गिक मारक पेशी) बीटा-गॅमावरच काम चालवतात. म्हणून कमी डोसला टी-रेग जाग्या होतात आणि मोठ्या डोसला बाकीच्याही. इथपर्यंत ठीक.

आता अडचण. अल्फा जर काही बोलतच नाही, तर दोन्हीकडे संदेश देणारी जोडी तीच, जॅक१ आणि जॅक३ तेच, स्टॅट५ ही तोच (संदेश रिसेप्टरपासून केंद्रकात नेणारी प्रथिनं). मग एका पेशीत त्याच संदेशाने प्रतिसादाला आवर बसतो आणि दुसरीत मारक क्षमता वाढते, हे कसं?

दुसरं माझ्या प्लेटमधलं. रक्तातून वेगळ्या केलेल्या पीबीएमसींना (टी, एनके वगैरे पांढऱ्या पेशी) १५ मिनिटं आयएल-२ देऊन फ्लोवर (पेशी एकेक करून मोजणारं यंत्र) फॉस्फो-स्टॅट५, म्हणजे चालू झालेला स्टॅट५, बघितला, तर मधल्या डोसला सीडी८ मेमरी पेशींतही छान सिग्नल दिसतो. तोच डोस घालून कल्चर काही दिवस ठेवलं की सीडी८ मधला सिग्नल जवळपास नाहीसा होतो, टी-रेगमध्ये मात्र टिकून राहतो. डोस बदललेला नाही, मग हे काय?

आणि जाता जाता: एनके पेशींचा एक छोटा गट अगदी कमी डोसलाही उजळतो. तो कचरा समजून सोडून द्यावा का?

प्रतिसाद, अनवट:

शेवटचं आधी. सोडू नका. त्या गटात सीडी५६ (एनके पेशींची खूण असलेलं प्रथिन) ठळक दिसतोय का बघा. सीडी५६-ब्राइट एनके पेशींवर सीडी२५ असतो, त्यामुळे त्यांना तिन्ही साखळ्यांचा रिसेप्टर मिळतो. तुमचा प्रयोग बरोबर चाललाय याचीच ती खूण आहे.

आता मुख्य प्रश्न. रिसेप्टर तेच असले तरी पुढची जोडणी वेगळी आहे. इतर टी पेशींत आयएल-२ मुळे स्टॅट५ बरोबर पीआय३-कायनेजचा मार्गही जोरात चालतो आणि पेशी भराभर वाढतात. टी-रेगमध्ये पीटेन हा एन्झाइम तो मार्ग दाबून ठेवतो, त्यामुळे भर स्टॅट५ वर राहतो. शिवाय स्टॅट५ केंद्रकात गेल्यावर कुठली जनुकं उघडी सापडतात, यावर पुढचं सगळं ठरतं. टी-रेगमध्ये तो फॉक्सपी३ चं (टी-रेगची ओळख ठरवणारं प्रथिन) जनुक चालू ठेवायला मदत करतो, सीडी८ मध्ये परफोरिन आणि ग्रँझाइम या मारक प्रथिनांकडे वळतो. दोन्हीकडे तो सीडी२५ ही वाढवतो, म्हणजे ज्या पेशीला आधी मिळालं तिची पुढची पकड आणखी घट्ट होते.

उंदरांतला पुरावा मला फार बोलका वाटतो. आयएल-२ हे टी पेशी वाढवणारं म्हणून सापडलं, तेव्हा त्याचं जनुक काढलं तर प्रतिकारशक्ती लुळी पडेल अशी सगळ्यांची अपेक्षा. प्रत्यक्षात त्या उंदरांना स्वयंप्रतिकार आजार झाले. सीडी२५ काढला तरी तेच. गॅमा साखळी बिघडली तर मात्र चित्र अगदी वेगळं, कारण ती आयएल-७ आणि आयएल-१५ लाही लागते. माणसात त्यातून एक्स गुणसूत्राशी जोडलेला स्किड हा आजार (जन्मजात तीव्र प्रतिकारहीनता) होतो आणि टी व एनके पेशी जवळपास नसतातच.

प्लेटमधल्या कोड्याचं उत्तर: डोस बदललाय, फक्त तुम्ही बदललेला नाही. आयएल-२ रिसेप्टरला बसलं की सगळा संच पेशीच्या आत ओढला जातो. बीटा, गॅमा आणि आयएल-२ आत मोडले जातात, अल्फा बहुतांशी पुन्हा पृष्ठभागावर येते आणि पुढचा रेणू पकडते. भरपूर सीडी२५ असलेल्या पेशी मीडियममधलं आयएल-२ असं सतत उपसत राहतात. १५ मिनिटांत हे जाणवत नाही, काही दिवसांत पातळी बीटा-गॅमाला पुरेल त्याच्या खाली जाते. शरीरातही टी-रेग इतर पेशींना ज्या मार्गांनी आवरतात त्यांतला हा एक.

प्रतिसाद, निळी शाई:

अनवट यांच्या शेवटच्या मुद्द्याला दवाखान्यातली जोड देतो. संधिवातात टोसिलिझुमॅब देतो, ते आयएल-६ चा (दाह वाढवणारं सायटोकाइन, म्हणजे आयएल-२ सारखाच निरोप्या रेणू) रिसेप्टर अडवतं. औषध सुरू झाल्यावर रक्तातली आयएल-६ ची पातळी वाढते आणि रुग्ण घाबरून फोन करतात. सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) तर खाली आलेला असतो! आयएल-६ उचलून नेणारा रिसेप्टरच अडवल्यामुळे ते रक्तात साचतं, इतकंच. सायटोकाइनचा आकडा वाचताना रिसेप्टर कुठे आहे आणि मोकळा आहे का, हे आधी विचारायला हवं. रिपोर्टवर ते लिहिलेलं नसतं, त्यामुळे पेशंटला आधीच सांगून ठेवावं लागतं.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. पीटेनचा दुवा मला कुठेच जोडून दिसला नव्हता. उपसा तपासायचा तर टी-रेग काढून कल्चर लावणं पुरेल का?

प्रतिसाद, अनवट:

लावा, पण सीडी२५ जास्त आणि सीडी१२७ (आयएल-७ च्या रिसेप्टरची साखळी) कमी असं दोन्ही धरून सॉर्ट करा. नुसत्या सीडी२५ वर काढलं तर नुकत्याच चेतलेल्या टी पेशीही निघून जातील. सोबत एक प्लेट पेशी विरळ ठेवून आणि एक रोज ताजं आयएल-२ घालून लावा. सीडी८ चा सिग्नल तिन्हीकडे परतला तर प्रश्न मिटला. मीडियमचे थोडे नमुने गोठवून ठेवा, उरलेलं आयएल-२ एलायझाने मोजता येईल.

आणि सीडी२५ ची अँटिबॉडी आयएल-२ देऊन झाल्यावरच लावा. त्या अँटिबॉडीचे काही क्लोन (प्रकार) नेमके आयएल-२ च्या जागेवर बसतात. ते आधी लावले तर टी-रेगचाच सिग्नल पडेल आणि कारण शोधत बसाल.