घनफळ हे कोणतं 'फळ'? अन् 'गुणिले' लेकरांना कसं समजवायचं?

नमस्कार मंडळी, मी लातूर जिल्ह्यात पाचवी-सहावीला शिकविते. घनफळ म्हणलं की लेकरं एका दमात 'लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची' म्हणून दाखवितात, 4 × 3 × 2 म्हणजे 24 हे पण बरोबर सांगतात, पण 24 काय असं विचारलं की सगळी गप. परवा एक पोरगी म्हणाली, मॅडम, घनफळ हे कोणतं फळ असतंय? प्रश्न खरंच चांगला हाय.

फळ म्हणजे हिशेब करून शेवटी हाती येतं ते. केल्या कर्माचं फळ म्हणतो ना, तेच. क्षेत्रफळ, गुणनफळ ही त्याच घरची. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (1150) खड्ड्याच्या, तळ्याच्या हिशेबात 'घनफल' हाच शब्द हाय, खोलीला तिथं 'वेध' म्हणलंय, अन् रीत अशी की क्षेत्रफळाला वेधानं गुणा, किती घनहस्त ते निघतं. एक हात लांब, एक हात रुंद, एक हात जाड ठोकळा म्हणजे घनहस्त. म्हणजे आधी तळ काढायचा, मग त्याला खोलीनं गुणायचं, तीन आकडे एकदम नाहीत.

मला वाटतं आपली गडबड 'गुणिले' या शब्दात होते, तो ऐकून डोळ्यापुढं काहीच येत नाही. म्हणून मी आता 24 काडेपेट्या घेऊन बसते अन् (4 × 3) × 2 हे 'चार-चारच्या तीन रांगा, असले दोन थर' असंच वाचायला लावते. मग कंस सरकवून 4 × (3 × 2), म्हणजे बाजूनं कापल्यासारखे सहा-सहाचे चार काप. पेट्या तेवढ्याच, पण पदावली वाचायची पद्धत बदलली, हे लेकरांना लगेच दिसतं.

असल्या लांबट चौकोनी ठोकळ्याला पुस्तकात इष्टिकाचिती म्हणतात, तो शब्द पण लई जड वाटतो त्यांना, पण इष्टिका म्हणजे वीट अन् चिती म्हणजे रचलेला ढीग, वीटभट्टी तर सगळ्यांनी बघितलेली असती. तुमच्याकडं यासाठी थर म्हणतात का थप्पी? अन् गणितात घनफळ, विज्ञानात आकारमान, असे दोन शब्द कशाला?

---

ताई, थप्पी म्हणजे पोत्यांची नाहीतर विटांची अख्खी रास, थर म्हणजे त्यातला एक. तुम्हाला थरच पाहिजे. मी बांधकामावर असतो, आमच्याकडं वाळू-खडी ब्रासवर चालती, 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, ट्रॉली आतून 10 फूट लांब, 5 रुंद अन् 2 फूट भरली की झाला एक ब्रास. लेकरांना टेप देऊन ट्रॉलीच मोजायला लावा. फक्त शेततळ्याचं उदाहरण देऊ नका, त्याच्या बाजू तिरक्या असतात, थर सारखे येत नाहीत.

---

दादा, थर पक्कं झालं. आकारमानाचं मला असं वाटतं की दगडासारख्या वेड्यावाकड्या वस्तूला पण ते असतंच, पाण्यात बुडवून मोजता येतं, अन् घनफळ म्हणजे तेच, पण हिशेबानं काढलेलं, म्हणूनच त्यात 'फळ' हाय.

शेततळं मात्र मी घेणारच, आपल्या भागात लेकरांच्या घरचाच विषय तो. वरून 30 × 30 मीटर, खोली 3, सरळ गुणलं तर 2700 घनमीटर येतात. पण बाजूचा उतार 1:1 धरला, म्हणजे जेवढं खोल तेवढंच चारी बाजूंनी आत, तर खाली तळ 24 × 24 च राहतो. लीलावतीत याला पण रीत हाय: तोंडाचे 900, तळाचे 576, अन् दोन्हीच्या बाजू मिळवून 54 × 54 म्हणजे 2916, सगळ्यांची बेरीज 4392, तिला 6 नं भागलं की 732. हा झाला सारखा केलेला एक थर, असले 3 थर, म्हणजे 2196 घनमीटर. फरक 504 चा, अन् एका घनमीटरात 1000 लिटर, म्हणजे 5 लाखावर लिटरची चूक. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली ती सुमारे 5 लाख लिटरची होती. एवढं सांगितल्यावर वर्गातल्या पोरांनी आपणहून गणित परत तपासलं.