काठिण्य, ताठरपणा की आणखी काही?

अनुवादिनी: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपवर (शोध: बिनिग, क्वेट, गर्बर, १९८६) फलक लिहितेय. बारीक पट्टीच्या टोकाची सुई पृष्ठभागावर दाबतात, पट्टी किती वाकली ते तिच्यावर पाडलेल्या लेझरवरून कळतं, आणि त्यातून पदार्थाचा स्टिफनेस, म्हणजे दबायला किंवा वाकायला होणारा विरोध, काढतात. मी 'काठिण्य' लिहिलं होतं, सरांनी खोडून 'ताठरपणा' केलं. माणूस ताठर असतो, रबर कसं ताठर?

कणाद: सरांचं बरोबर आहे. काठिण्य म्हणजे हार्डनेस, कायमचा खळगा पडायला होणारा विरोध. इथे दाब काढल्यावर पदार्थ पूर्ववत होतो. दोन्हींना एकच शब्द वापरलात तर मुलं चुकीचं शिकतील.

सुताराचा नातू: आमचे आजोबा बाभळीला टणक म्हणत, बांबूला चिवट. ताठर लाकूड मी कधी ऐकलं नाही. कोश उघडण्याआधी कारागिरांना विचारा.

कणाद: चिवट म्हणजे टफनेस, तुटायला होणारा विरोध, ती तिसरीच गोष्ट. बोलीत हे शब्द एकमेकांत मिसळतात. मोजताना मिसळून चालत नाही.

लॅबवाली: स्टिफनेस आकारावरही ठरतो. एकाच सिलिकॉनची जाड पट्टी वाकायला जड, पातळ पट्टी हलकी. आकार वगळून नुसत्या पदार्थाचा ताठरपणा सांगायचा तर 'यंग गुणांक' लिहा. मला जास्त खटकतो तो अॅडहिजनसाठी सर्रास वापरला जाणारा 'चिकटपणा'. सुई मागे घेताना चटकन सुटत नाही. दमट हवेत सुई आणि पृष्ठभागाच्या मध्ये पाण्याचा सूक्ष्म पूल तयार होतो, तो तिला धरून ठेवतो. पदार्थ चिकट असायलाच हवा असं नाही. 'आसंजन' लिहा.

सुताराचा नातू: आठवीतल्या मुलाला आसंजन काय कळणार?

धातुपाठ: का नाही कळणार? मूळ धातू 'सञ्ज्', चिकटणे. आसक्ती, प्रसंग, संग हे सगळे त्याच घरचे. एकदा सांगा, मूल विसरणार नाही.

सुताराचा नातू: साधं 'ओढ' म्हणा.

लॅबवाली: ओढ लांबूनही लागते. सुई टेकायच्या आधीच व्हॅन डर वाल्स बलामुळे, म्हणजे रेणूंमधल्या क्षीण आकर्षणामुळे, पृष्ठभागाकडे झेपावते, तिथे 'ओढ' छान बसतो. टेकल्यावरच्या बलाला वेगळा शब्द हवा.

अनुवादिनी: पण स्टिफनेसचं काय ठरलं?

सुताराचा नातू: टेकल्यावर 'पकड'. बलाला 'पकडबल'.

धातुपाठ: देशी शब्दाला संस्कृत शेपूट? असा समास मला मान्य नाही.

सुताराचा नातू: 'रेल्वेमार्ग' मान्य आहे ना? तिथे तर अर्धा शब्द इंग्रजी आहे.