मधुमेही सासऱ्यांना घेऊन मे महिन्यात कोकणात जायचंय, काय सांभाळू?

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. सांगलीहून आंबा घाटातून गणपतीपुळ्याला चार दिवस, आमच्याच गाडीनं. सासरे ६८ वर्षांचे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. ‘माझ्यामुळं तुमची अडचण’ म्हणून तीन वर्षं कुठं आले नाहीत, यंदा नातवापुढं हो म्हणालेत. उन्हात इन्सुलिन न्यायचं कसं? आणखी काय बघायचं?

घाटमाथा_सातारा:
ताई, त्यांना जरूर न्या. माझी आई इन्सुलिनवर आहे, आम्ही दरवर्षी जातो. एकच गोष्ट जीव तोडून सांगतो, बाहेर ताट समोर आल्याशिवाय इंजेक्शन घेऊ देऊ नका. आम्ही एकदा कुंभार्ली घाट उतरून जेवायला थांबलो. ऑर्डर दिली आणि आईनं घरच्या सवयीनं लगेच इन्सुलिन घेतलं. गर्दी इतकी की ताट यायला पाऊण तास. आई बोलता बोलता गप्प झाली, कपाळावर घाम, हातातला पेला थरथरायला लागला. रक्तातली साखर तपासली तर ५८! पर्समध्ये ग्लुकोज पावडर होती. तीन मोठे चमचे पाण्यात दिले, पंधरा मिनिटांनी परत तपासली, ८४ आली, मग जेवली.

७० च्या खाली गेली की असंच करा. त्या वेळी चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळं साखर उशिरा चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. काही इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यावी लागतात. सासऱ्यांचं तसं असेल तर प्रवासात वेळ कशी धरायची ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मिरजकर:
वापरात नसलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. इन्सुलिनचं चालू इंजेक्शन-पेन बहुतेक २८ दिवस बाहेर चालतं, पण ३० अंशांच्या आत. नेमके दिवस खोक्यातल्या कागदावर बघा. बंद गाडीत डॅशबोर्डवर किंवा डिकीत कधीच नको. आम्ही थर्मासमध्ये बर्फाचं पाणी घालून तो गार करतो, पाणी ओतून टाकतो आणि पेन कोरड्या फडक्यात गुंडाळून आत ठेवतो. बर्फाला थेट टेकवू नका, एकदा गोठलं की ते टाकूनच द्यावं लागतं. खोलीवर फ्रिज नसेल तर ओल्या वाळूच्या मडक्यात छोटं मडकं बसवा, पण कोकणच्या दमट हवेत ते थोडंच गार राहतं. औषधं दुप्पट घ्या आणि दोन पिशव्यांत वाटा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठीही.

कृष्णाकाठची:
खूप आभार. हापूसचं काय करू? त्यांना फार आवडतो.

घाटमाथा_सातारा:
एखादी फोड जेवणाच्या हिशोबात धरून द्या, जेवणावर वर नको. आणि हो, आंबा कापलेल्या हातानं शुगर तपासू नका! आईची ३१० आली, सगळे घाबरलो. साबणानं हात धुऊन पुन्हा तपासली, १६२. बोटाला रस होता.

वाईची_मावशी:
पायांचं कुणीच लिहिलं नाही. दुपारच्या वाळूत, देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी नको गं. मधुमेहानं बधिर झालेल्या पायाला भाजलेलं कळत नाही. माझ्या भावाचा फोड रात्री मोजे काढल्यावर दिसला, भरायला दोन महिने लागले. दर्शन सकाळी लवकर, मोजे घालून. रोज रात्री तळवे तूच बघ, त्यांना वाकून दिसायचं नाही.